जेलीफिशचा दंश आणि समुद्रस्नानातील सावधगिरी

पावसाळा ओसरला, होड्या पुन्हा दर्यावर लोटल्या गेल्या आणि दिवाळीची सुटी जवळ आली, की पेडणे तालुक्याचा किनारा माणसांनी फुलू लागतो. उत्तरेस तेरेखोल नदीचे मुख आणि दक्षिणेस शापोरा नदीचे मुख यांच्या दरम्यान केरी, हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी येथील वाळूची पुळण पसरलेली आहे. परदेशी पाहुणे व परप्रांतीय पर्यटक येथे येतात, तसेच आपल्याच राज्यातील अंतर्भागातील कुटुंबेही मोठ्या संख्येने येतात. डिचोली तालुक्यास समुद्रकिनारा नाही. तेथील मुलांना समुद्र भेटतो तो सहलीच्या दिवशी किंवा एखाद्या रविवारी. खाऱ्या पाण्याच्या न्हाणाने अंगदुखी व सांधेदुखी कमी होते, अशा समजुतीने उन्हाळ्यात वडीलधारी माणसे मुद्दाम समुद्रावर येतात. पर्वणीच्या दिवशी समुद्रस्नान करण्याची रूढीही जुनीच आहे.

समुद्रात उतरणाऱ्या माणसाला लाटेची भीती ठाऊक असते. मात्र पाण्यात दिसेल न दिसेल अशा एका पारदर्शक प्राण्याची ओळख किनाऱ्यावरील रहिवासी सोडल्यास फारच थोड्यांना असते. नोव्हेंबर २०२० मध्ये अवघ्या दोन दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यांवर नव्वदहून अधिक व्यक्तींना जेलीफिशचा दंश झाल्याची नोंद जीवरक्षक सेवेने केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक घटना पेडण्याला लागून असलेल्या बार्देश तालुक्यात, बागा ते सिकेरी या पट्ट्यात घडल्या. बहुतेकांना किनाऱ्यावरील प्रथमोपचार पुरेसे ठरले. बागा येथील एका तरुणाच्या मात्र छातीत दुखू लागले व श्वास घेणे कठीण झाले. त्यास प्राणवायू देऊन इस्पितळात न्यावे लागले.

दंश कोणास व केव्हा होईल हे आपल्या हाती नाही. परंतु दंशानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत काय करावे आणि काय करू नये, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्या मिनिटांत घाईने केलेला चुकीचा उपाय मूळ दंशाहून अधिक त्रास देतो. यास्तव प्रत्येक नागरिकास या विषयाची साधी व नेमकी माहिती असणे अगत्याचे आहे.

जेलीफिश म्हणजे काय?

नावात ‘फिश’ हा शब्द असला, तरी जेलीफिश हा मासा नव्हे. त्याला पाठीचा कणा नाही, मेंदू नाही, हृदय नाही व रक्तही नाही. त्याच्या शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाण्याचाच असतो. वर छत्रीसारखा किंवा घंटेसारखा मऊ भाग आणि त्याखाली लोंबणारे धागे, म्हणजे शुंडके, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. छत्री आकुंचित व प्रसृत करून तो थोडाफार पोहतो. एरवी वारा, भरती-ओहोटी आणि प्रवाह नेतील तिकडे तो जातो. म्हणूनच तो माणसाचा पाठलाग करत नाही किंवा त्याच्यावर हल्लाही चढवत नाही. पोहणाऱ्याचे अंग त्याच्या शुंडकांना लागते आणि दंश होतो.

जेलीफिशच्या अनेक जाती आहेत. काहींचा स्पर्श माणसाला जाणवतही नाही, तर काहींमुळे किंचित खाज सुटते. मोजक्या जाती मात्र तीव्र वेदना देतात. चौकोनी पेटीच्या आकाराच्या जेलीफिशांपैकी काही जाती अत्यंत विषारी असून त्यांच्या दंशाने हृदयक्रियाही बिघडू शकते. वाळूवर निळसर-जांभळ्या फुग्यासारखा दिसणारा ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ हा प्राणी जेलीफिशचा नातेवाईक आहे. तो एकच प्राणी नसून अनेक सूक्ष्म जीवांची एकत्र नांदणारी वसाहत असते. त्याचा फुगा वीतभर असला, तरी पाण्याखालील धागे कित्येक मीटर लांब असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहू आदी किनाऱ्यांवर हे फुगे वाहून आले, तेव्हा अनेकांना त्यांचा दंश झाला होता. रंग आकर्षक असल्याने लहान मुले ते उचलावयास धावतात, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

दंश कसा होतो?

जेलीफिशच्या शुंडकांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक इवलीशी कुपी असून तिच्यात पोकळ, काटेरी धागा गुंडाळून ठेवलेला असतो. कुपीतील दाब विलक्षण असतो. भक्ष्याचा किंवा माणसाच्या त्वचेचा स्पर्श होताच कुपीचे झाकण उघडते, धागा बाहेर फेकला जातो व विष त्वचेत शिरते. ही सारी क्रिया डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच पूर्ण होते.

येथे दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, या क्रियेसाठी प्राणी जिवंत असण्याची गरज नाही. किनाऱ्यावर मरून पडलेला जेलीफिश किंवा जाळ्यात अडकलेला शुंडकाचा तुकडाही दंश करू शकतो. दुसरी अशी की, एका स्पर्शात सर्वच दंशपेशी फुटत नाहीत. शुंडकाचा तुकडा त्वचेला चिकटून राहतो व त्यावरील पुष्कळशा कुप्या शाबूत असतात. दंश झालेल्या माणसावर उपचार करताना या शाबूत कुप्या फुटू न देणे हे मुख्य सूत्र होय. पुढे सांगितलेले सर्व नियम याच सूत्रातून निघालेले आहेत.

केव्हा अधिक दिसतात?

आपल्या किनाऱ्यावर जेलीफिश प्रामुख्याने पावसाळ्याच्या अखेरीस व त्यानंतरच्या महिन्यांत अधिक संख्येने आढळतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी वर येते. त्यात पोषक क्षार विपुल व प्राणवायू कमी असतो. पोषक क्षारांमुळे सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी वाढतात, आणि जेलीफिशला भरपूर खाद्य मिळते. कमी प्राणवायूच्या पाण्यात मासे तग धरू शकत नाहीत, परंतु अनेक जेलीफिश धरतात. पुढे वारा व प्रवाह किनाऱ्याकडे वळले, की त्यांचे थवे उथळ पाण्यात येतात. नेमका हाच काळ पर्यटन हंगामाच्या आरंभाचा असतो.

दंश झाल्यास काय करावे?

(१) शांतपणे पाण्याबाहेर यावे. वेदनेने घाबरून पाण्यातच धडपड केल्यास बुडण्याचा धोका दंशाच्या धोक्याहून मोठा ठरतो. सोबत्यांनी आधार देऊन रुग्णास बाहेर आणावे व वाळूवर बसवावे.

(२) जीवरक्षकास ताबडतोब बोलवावे. गोवा शासनाने २००८ साली किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा सुरू केली. या जीवरक्षकांना दंशावरील प्रथमोपचाराचे शिक्षण दिलेले असते, तसेच कोणत्या प्रकारचे जेलीफिश सध्या आढळत आहेत याची त्यांना कल्पना असते.

(३) दंशाची जागा समुद्राच्याच पाण्याने हलक्या हाताने धुवावी.

(४) त्वचेला चिकटलेले धागे चिमट्याने अलगद उचलून काढावेत. चिमटा नसल्यास हातमोजा किंवा जाड कापड वापरावे. ओढू, खरवडू वा दाबू नये.

(५) धागे काढून झाल्यावर दंशाचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात सुमारे वीस मिनिटे बुडवून ठेवावा किंवा त्यावर तसे पाणी सोडत राहावे. पाण्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास असावे. तापमापक नसल्यास मदत करणाऱ्याने आधी आपला हात पाण्यात घालून पाहावा, कारण वेदनेने व्याकूळ झालेल्या रुग्णास, विशेषतः मुलास, चटक्याचा अंदाज येत नाही. जवळच्या चहाच्या दुकानातून किंवा शॅकमधून असे पाणी सहज मिळू शकते. उष्णतेने विषातील प्रथिने निकामी होतात व वेदना कमी होते. गरम पाणी न मिळाल्यास कोरड्या पिशवीतील बर्फ फडक्यात गुंडाळून शेकावे.

व्हिनेगरविषयी थोडे सांगणे जरूर आहे. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशचा दंश असल्यास व्हिनेगरमुळे शाबूत कुप्या निष्क्रिय होतात, असे सिद्ध झाले आहे. निळ्या फुग्याच्या दंशावर ते वापरावे की नाही, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणून व्हिनेगर वापरण्याचा निर्णय जीवरक्षकावर किंवा डॉक्टरांवर सोपवावा. गोमंतकीय स्वयंपाकघरात माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर असते. परंतु घरगुती व्हिनेगराची तीव्रता मोजलेली नसते, आणि ते डोळ्यांत तर कदापि जाऊ देऊ नये.

काय करू नये?

हरमलच्या किनाऱ्यालगत, टेकडीच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याचे प्रसिद्ध तळे आहे. समुद्रात डुंबल्यावर तेथे जाऊन अंग धुणे हा अनेकांचा आवडता क्रम. इतर वेळी त्यात काहीच वावगे नाही. परंतु जेलीफिशचा दंश झाल्यावर धावत जाऊन अंगावर गोडे पाणी ओतणे हानिकारक ठरते. दंशपेशी समुद्राच्या खारेपणाशी जुळलेल्या असतात. भोवतालचे पाणी एकाएकी गोडे झाले, की ते पेशीत शिरते, कुपीतील दाब वाढतो व उरलेल्या कुप्या फुटतात. शिक्षकांना हे वर्गात सहज समजावता येईल. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात व दाट मिठाच्या पाण्यात टाकल्या की तितक्या फुगत नाहीत. पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे कसे जाते, हे या एका प्रयोगाने मुलांच्या ध्यानात येईल.

मग गरम पाणी तरी गोडे नसते काय, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. तो रास्त आहे. याच कारणाने आधी समुद्राच्या पाण्याने धुणे, मग धागे काढणे आणि शेवटी गरम पाणी, हा क्रम मोडता कामा नये. धागे निघून गेल्यावर फुटावयास फारशा कुप्या उरत नाहीत आणि उष्णतेचा लाभ तेवढा मिळतो.

याखेरीज पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दंशावर वाळू किंवा टॉवेल घासू नये, कारण दाबाने कुप्या फुटतात. मद्य, स्पिरिट वा रॉकेल लावू नये. लघवी लावण्याचा उपाय ऐकिवात असतो; त्याने लाभ होत नाही आणि अपाय होऊ शकतो. घट्ट पट्टी बांधू नये. सर्पदंशासारखी चीर देण्याचा वा विष चोखण्याचा प्रयत्न करू नये. झाडपाल्याच्या किंवा मंत्रतंत्राच्या नादी लागून वेळ दवडू नये.

इस्पितळात केव्हा न्यावे?

साध्या दंशात चाबकाच्या वळासारखे लाल पट्टे उठतात, आग होते आणि काही तासांत वेदना ओसरते. परंतु पुढील लक्षणांपैकी एकही दिसले, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : श्वास घेण्यास त्रास, छातीत दुखणे, ओठ, चेहरा वा जीभ सुजणे, वारंवार उलट्या, भोवळ वा शुद्ध हरपणे. दंश डोळ्याला किंवा तोंडात झाला असल्यास, अंगाचा मोठा भाग व्यापलेला असल्यास, अथवा रुग्ण लहान मूल, वृद्ध वा हृदयविकाराचा असल्यास लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. जवळच्या आरोग्य केंद्रातून गरजेप्रमाणे म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णास पाठविता येते. श्वास थांबल्यास, प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबून कृत्रिम श्वसन चालू ठेवावे.

वेदना थांबली तरी पुढील काही दिवस जागेवर लक्ष ठेवावे. एखाद्यास आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा पुरळ उठते. जखम चिघळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नदीचे पोहणे आणि समुद्राचे पोहणे

डिचोली परिसरातील पुष्कळ तरुण नदीत व तळ्यात लहानपणापासून पोहतात. आपणास पोहता येते, या भरवशावर ते समुद्रात खोलवर जातात. तळ्याचे पाणी स्थिर असते आणि नदी एकाच दिशेला वाहते. समुद्राचे पाणी मात्र लाटेबरोबर किनाऱ्याकडे येते व परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने वेगाने आत ओढले जाते. ही ओढ ओळखण्याची खूण अशी की, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत व गडद दिसतो. नवखा माणूस तीच जागा सुरक्षित समजून तेथे उतरतो.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजू नये. भला ताकदवान पोहणाराही थोड्याच वेळात थकतो. पाण्यावर तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे. ओढ माणसाला खोल तळाशी नेत नाही, दूर नेते, हे ध्यानात असले म्हणजे धीर सुटत नाही. वाहून जाणाऱ्यास वाचविण्यासाठी नातेवाइकांनी एकामागून एक उड्या घालू नयेत. तरंगणारी वस्तू वा दोर फेकावा आणि जीवरक्षकास बोलवावे.

नदीमुखाजवळ धोका अधिक असतो. केरीला तेरेखोल नदी आणि मोरजीच्या टेंब भागाला शापोरा नदी समुद्रास मिळते. ओहोटीच्या वेळी नदीचे व समुद्राचे पाणी एकत्र बाहेर धावते व वाळूचे बांध सतत जागा बदलतात. काल जेथे गुडघाभर पाणी होते तेथे आज पुरुषभर असू शकते. अशा ठिकाणी पोहू नये.

लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी नेमलेला असतो व तेथे जीवरक्षकांची नजर असते. लाल बावटा असल्यास पाण्यात उतरू नये. जून ते सप्टेंबर या पावसाळी काळात समुद्रात पोहणे टाळावे. अंधार पडल्यावर व मद्यप्राशन करून पाण्यात जाऊ नये. मुलांना हाताच्या अंतराबाहेर सोडू नये. पूर्ण बाह्यांचे, अंगाशी बसणारे पोहण्याचे कपडे दंशापासून बऱ्याच अंशी संरक्षण देतात. साडी वा लुंगी यांसारखी सैल वस्त्रे भिजून जड होतात व पायांत गुंततात.

शाळा, पंचायती आणि रापणकार यांचे कार्य

किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मच्छीमार बांधवांना जेलीफिशचा उपद्रव सर्वांत आधी जाणवतो. जाळ्यात त्यांचा लगदा अडकतो, मासळी वाया जाते आणि जाळे झाडताना हातांना व डोळ्यांना दंश होतो. त्यांनी जाळी साफ करताना हातमोजे वापरावेत आणि थवे दिसताच जीवरक्षकांना व पंचायतीला कळवावे. रापणकाराने सकाळी दिलेली एक सूचना त्या दिवशी किनाऱ्यावर येणाऱ्या शेकडो माणसांच्या उपयोगी पडेल.

किनारी पंचायतींनी हंगामाच्या आरंभी प्रवेशमार्गांवर मराठी, कोकणी, हिंदी व इंग्रजी भाषांत ठळक फलक लावावेत. शॅकचालकांना गरम पाणी, चिमटा व हातमोजे हाताशी ठेवण्यास सांगावे. अंतर्भागातील शाळांनी किनाऱ्यावर सहल नेण्यापूर्वी एक तास या विषयासाठी राखून ठेवावा. सहलीच्या पेटीत चिमटा व हातमोजे असावेत, जीवरक्षकांच्या चौकीशी आधी बोलून घ्यावे आणि पाण्यातील मुलांची वेळोवेळी मोजणी करावी.

शेवटी एक विचार. मोरजी व मांद्रे येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात आणि वन खाते ग्रामस्थांच्या साह्याने त्यांचे रक्षण करते. ही कासवे जेलीफिशही खातात. पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्यांना जेलीफिशसारखीच भासते व ती गिळून त्यांचा जीव जातो. किनाऱ्यावर टाकलेली पिशवी अशा रीतीने जेलीफिशच्या एका नैसर्गिक भक्षकाचाच घास घेते. सहलीचा कचरा घरी परत नेणे हेही समुद्रस्नानातील सावधगिरीचेच एक अंग आहे.

जेलीफिश समुद्रात माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो. पाहुण्याने यजमानाची रीत जाणून घ्यावी, हा आपला शिष्टाचार. बावटा पाहून पाण्यात उतरावे, वाळूवरचा निळा फुगा उचलू नये, आणि दंश झालाच तर समुद्राचे पाणी, चिमटा व गरम पाणी हा क्रम आठवावा. एवढे प्रत्येक कुटुंबाने पाळले, तर डिचोलीहून आलेले मूल केरीच्या वाळूवरून परत जाताना शिंपले घेऊन जाईल, वळ घेऊन नव्हे.